आम्ही स्वच्छ केलेला किनारा

‘कसं आहे ते बेट? आम्ही पण जावं का?’ असं परत आल्यापासून मला बऱ्याच जणांनी विचारलं. लिफ्टमध्ये, लिटिल इंडियात भाजी निवडताना, मंडळाच्या हळदीकुंकवाला. माझं उत्तर एकच आहे. जाऊ नका. निदान आम्ही गेलो तसे जाऊ नका. मग समोरचा विचारतो, का, जागा चांगली नाही का? जागा फार सुंदर आहे. सकाळचं पाणी कोवळ्या कैरीच्या सालीसारखं हिरवं असतं आणि ओहोटीला इतकं मागे सरतं की वाटतं, आता चालत पलीकडच्या बेटावर जाता येईल. माझा राग जागेवर नाही. आमच्यावर आहे, आणि तो अजून उतरलेला नाही.

मी सिंगापुरात चोआ चू कांगला राहते. वीस वर्षांहून अधिक काळ इथे अकाउंट्सची कामं केली, आता अर्धवेळ करते. मूळची देवगडची. सिंगापूर हे बेट आहे हे मला कधीकधी मुद्दाम आठवावं लागतं, कारण इथे समुद्र दिसतो तो रांगेत उभ्या जहाजांच्या मागे. सुक्या मासळीचा वास तर नाहीच. म्हणून निनादने जेव्हा इंडोनेशियातल्या एका लांबच्या कोळीगावात मंडळाची ‘सेवासहल’ काढली, तेव्हा नावाला नाक मुरडूनही मी हो म्हटलं. निनाद म्हणजे आमच्या मंडळाचा सेक्रेटरी. पुण्याचा, एका बँकेत आयटी मॅनेजर, स्वभावाने वाईट नाही. फक्त त्याला रिकामा शनिवार सहन होत नाही. श्रीकांत, माझा नवरा, म्हणाला, ‘तू जा, मी घर बघतो.’ घर बघणे म्हणजे क्रिकेट बघणे.

सहलीत काय करायचं? किनारा साफ करायचा. हे ऐकून मला आधी हसू आलं होतं. आमच्या ब्लॉकखालचा पालापाचोळा उजाडायच्या आत बांगलादेशी मुलं झाडून जातात, आणि हॉकर सेंटरमध्ये, म्हणजे इथल्या छपराखालच्या खाऊगल्लीत, जेवल्यावर स्वतःचं ताट उचलून ठेवावं हे आम्हाला दंड लागायला लागल्यावर सुचलं. अशी आम्ही माणसं दोन फेरीबोटी आणि एक लाकडी होडी बदलून दुसऱ्याचा किनारा झाडायला निघालो होतो.

धक्का

प्रवासाचं सांगण्यासारखं काही नाही, उलट्या झाल्या एवढंच. शेवटच्या होडीत माणसं कमी आणि पाण्याचे खोके जास्त होते. गावातलं पाणी बाधेल म्हणून निनादने बाटलीबंद पाण्याचे खोकेच्या खोके वाटेत विकत घेतले होते. आम्हा सगळ्यांच्या अंगात हिरवे टी-शर्ट, पाठीवर ‘प्लॅस्टिकमुक्त सागर’. आणि बसायला त्याच खोक्यांचा आधार.

गाव खांबांवर उभं आहे. घरांखालून पाणी येतं-जातं आणि घराघरांमधून फळ्यांचा रस्ता जातो. पहिल्या दिवशी आम्ही त्या फळ्यांवरून कठडा नसलेल्या गच्चीवर चालावं तसे चाललो. आमच्या पुढून बायका डोक्यावर टोपल्या घेऊन झपाझप गेल्या. मांजरं खूप. तरुण पुरुष जवळजवळ नाहीतच. कोणी बाटम बेटावरच्या कारखान्यात, कोणी मलेशियात तेलताडाच्या मळ्यात. मला आमचं गावच आठवलं, फक्त आमच्याकडून माणसं मुंबईला जातात.

आमची सोय पाक हमीद यांच्या होमस्टेमध्ये होती. ‘पाक’ म्हणजे आपल्याकडे वडीलधाऱ्याला काका म्हणतात तसं. साठीचे, हसरे, गावचे प्रमुख. मला बाजारापुरतं मलय येतं आणि तिथली भाषाही जवळजवळ तीच, त्यामुळे दुभाष्याचं काम आपोआप माझ्या गळ्यात पडलं. बर्फ घातलेला गोड काळा चहा देऊन त्यांनी लगेच आपलं स्वप्न सांगितलं: पलीकडच्या किनाऱ्यावर छोटी छोटी शॅले, म्हणजे पाहुण्यांसाठी लाकडी घरं. सिंगापूरचे लोक शुक्रवारी संध्याकाळी येतील, रविवारी जातील. गावाचं भलं होईल.

‘आणि समुद्रशेवाळ?’ मी विचारलं. येताना होडीवाल्याने सांगितलं होतं की इथल्या बायका त्याची शेती करतात.

‘वास येतो त्याला,’ पाक हमीद म्हणाले. ‘पाहुण्यांना पांढरी वाळू आवडते.’

जेवणाची गंमत सांगायला हवी. मासा आंबट-तिखट रश्शातला. त्यात वाळवलेल्या कुठल्याशा फळाच्या चकत्या होत्या, चव थेट आमसुलाची. मी दोनदा भात घेतला. निनादची बायको केतकी शाकाहारी. तिने हिरवी पालेभाजी मनापासून खाल्ली, वर कृती विचारली, आणि मग कळलं की फोडणीला सुकवलेल्या कोळंबीचा गोळा आहे. ती पुढचे दोन दिवस दशम्या आणि चिवड्यावर राहिली. तिची मुलगी, तेरा-चौदा वर्षांची, संडासाच्या फळीखाली मासे पाहून आली आणि म्हणाली, ‘मम्मा, I cannot, lah.’

रोस

तो रस्सा रोसने केला होता. हमीदांच्या शेजारची, पस्तिशीची, आवाज असा की दोन घरं पलीकडे ऐकू यावा. मला ती ‘कक’ म्हणायला लागली, म्हणजे थोरली बहीण. पाहुणे आले की होमस्टेचा स्वयंपाक करायची. जेवणानंतर मी तिच्याबरोबर स्वयंपाकघरात बसले आणि तिथेच मला त्या सगळ्या प्रवासातलं एकमेव खरं माणूस भेटलं.

नवरा मळ्यावर गेला तो गेलाच, फोनही करत नाही. मुलगा शाळेत जातो. रोस शेवाळाची शेती करते. ‘दाखव तरी कशी करतात ते,’ म्हटल्यावर तिने शिंपल्या मांडून ताटातच शेत काढलं. उथळ पाण्यात खुंट ठोकायचे. खुंटाला खुंट जोडत लांब दोऱ्या ताणायच्या. दोरीला वितीवितीवर शेवाळाचं बेणं बांधायचं, आपण उसाचं लावतो तसं, तुकडे करून. दोरी बुडू नये म्हणून मधे मधे तरंगणारं काहीतरी. दीड महिन्यात पीक. वाळवून विकायचं. त्यापासून कसलीशी पूड होते आणि ती आइस्क्रीमपासून टूथपेस्टपर्यंत सगळ्यात जाते.

मागचं पीक रोगाने पांढरं पडून गळालं होतं. आता तिने आणि आणखी दोघींनी लांबच्या बेटावरून नवं बेणं मागवलं होतं. ते दुसऱ्या दिवशी येणार होतं. आल्याबरोबर बांधून पाण्यात गेलं पाहिजे, एक रात्र फार तर निघते, मग ते कुजतं.

‘आणि कुजलं तर?’

‘तर बाटम,’ ती म्हणाली. ‘मावसबहिणीने लाँड्रीत जागा बघून ठेवली आहे. पोरगा आईकडे राहील.’ हे सांगताना ती हसली नाही, रडलीही नाही. भांडी जरा जोरात घासली. ‘मला नाही जायचं, कक. मला चादरींचा वास आवडत नाही. मला पाण्यात उभं राहायला आवडतं.’

मी तिला म्हटलं, देव तुझं भलं करो. त्या दोऱ्या आणि तरंगणारं ‘काहीतरी’ कुठे ठेवलं आहे हे विचारायचं मला सुचलं नाही.

सफाई

दुसऱ्या दिवशी सकाळी मंडळी हातमोजे घालून, काळ्या पिशव्या घेऊन पलीकडच्या किनाऱ्यावर गेली. पाक हमीद वाट दाखवायला बरोबर. माझे गुडघे त्या फळ्यांनी दुखायला लागले होते, मी घरीच राहिले. रोस धक्क्यावर बेण्याच्या होडीची वाट पाहत उभी होती.

मंडळी परत आली ती गाणी म्हणत. पिशव्या फुगलेल्या, चेहरे लाल, कपाळावर वाळू. ‘ताई, एवढा कचरा,’ निनाद सांगत होता, ‘एका झाडाखाली तर डोंगरच होता. नुसत्या प्लॅस्टिकच्या बाटल्या आणि जुन्या दोऱ्यांचे गुंते. लोकांना काही वाटत कसं नाही?’ इथे जाळायचं नाही, नीट विल्हेवाट लावायची, असा त्याचा आग्रह. म्हणून पिशव्या आमच्याच होडीत भरून शेजारच्या मोठ्या बेटाकडे रवानाही झाल्या होत्या. मी शाबास म्हटलं. चिवडा वाटला. हे मी लपवणार नाही.

दुपारी बेणं आलं. ओल्या पोत्यांत, तपकिरी-हिरवं, कुरकुरीत, त्याला उघड्या समुद्राचा वास. रोस आणि त्या दोघी पोती घेऊन किनाऱ्यावर गेल्या. थोड्याच वेळात रोस एकटी परत आली. फळ्यांवर तिची पावलं दाणदाण वाजत होती. ती सरळ निनादसमोर येऊन उभी राहिली आणि बोलायला लागली. निनादला वाटलं, आभार मानते आहे. तो हात जोडून हसला आणि मला म्हणाला, ‘ताई, सांगा ना काय म्हणते.’

मी सांगितलं. झाडाखालचा तो डोंगर म्हणजे तिच्या शेतीचं सगळं सामान होतं. बाटल्या म्हणजे दोऱ्या तरंगत ठेवणाऱ्या बोया. एकेक बाटली वर्षभर गोळा केलेली, झाकणं घट्ट केलेली, धुतलेली, पुढच्या लावणीसाठी झाडाच्या सावलीत रचून ठेवलेली. दोऱ्याही त्याच.

‘पण ते प्लॅस्टिक होतं,’ निनाद म्हणाला. ‘कुणालाही कचराच वाटेल.’

‘पाटी लावायला हवी होती त्यांनी,’ केतकी म्हणाली.

माझं डोकं फिरलं ते तिथे. देवगडला वाळूवर पडलेलं जाळं ओलांडून जायचं नाही हे शाळेत जायच्या आधी कळतं. त्याला पाटी लागत नाही. किनाऱ्यावर कोणी काही रचून ठेवलं असेल तर ते कोणाचं तरी असतं. पण आम्ही इतकी वर्षं अशा ठिकाणी राहतो जिथे आपली नसलेली प्रत्येक वस्तू एकतर विकायला असते किंवा कचरा असते. मी हे सगळं बोलले. सगळ्यांसमोर, चढ्या आवाजात. कोणाला आवडलं नाही.

मग मी पाक हमीदांकडे वळले. तुम्ही तर बरोबर होतात. तुम्हाला माहीत नव्हतं?

ते पायाशी बघत राहिले. ‘पाहुणे इतक्या आनंदाने काम करत होते,’ ते म्हणाले. ‘पाहुण्याला खजील करणं बरं नाही.’

आमच्याकडेही पाहुण्याचा मान ठेवतात. पण शेजारणीची भाकरी पाहुण्याच्या पिशवीत जाताना बघत बसणं हा मान नव्हे. वासाचं शेवाळ आणि पांढरी वाळू मला तेव्हाच आठवली. ते भिडेपोटी गप्प बसले की सोयीचं होतं म्हणून, हे मला आजही सांगता येणार नाही. त्यांचं त्यांनाही सांगता आलं नसतं बहुतेक.

होडीवाल्याला फोन लावला. फोन फक्त धक्क्याच्या टोकाला लागतो, म्हणून आम्ही सगळे तिकडे पळालो. तो म्हणाला, पिशव्या कचऱ्याच्या जागी टाकल्या आणि तिथल्या लोकांनी नेहमीप्रमाणे पेटवून दिल्या. नीट विल्हेवाट लागली होती.

निनाद खरोखर कानकोंडा झाला होता, हे मला मान्य करावं लागेल. ‘तिला सांगा, आम्ही नुकसानभरपाई देऊ. जे म्हणेल ते.’

मी सांगितलं. रोस म्हणाली, ‘दोरीचं दुकान त्या बेटावर आहे, होडी परवा. बेणं उद्या मरेल. पैसे पाण्यात बांधू का?’

मी तशीच आमच्या खोलीत गेले, पाण्याचा पहिला खोका फोडला आणि एकेक बाटली उघडून खिडकीतून समुद्रात ओतायला लागले.

‘ताई, प्यायचं पाणी आहे ते,’ निनाद धावत आला.

‘गावात विहीर आहे. गाव जिवंत आहे म्हणजे ते पाणी पिता येतं.’

‘मुलं आहेत आपल्याबरोबर.’

‘उकळून देईन. हो बाजूला.’

तो बाजूला झाला. थोड्या वेळाने केतकी आली, शेजारी बसली आणि तीही बाटल्या रिकाम्या करायला लागली. तिने शेवटी एक बाटली मुलीसाठी पाठीमागे ठेवली, मी पाहिलं आणि पुढची बाटली उघडली. दोऱ्यांसाठी मी हमीदांच्या ओसरीवरची कपड्यांची दोरी सोडली. ते बघत होते. त्यांनीही मला खजील केलं नाही.

दुपारभर झाडाखाली बसून सगळे बांधत होते. दोन बँकर, एक ऑडिटर, तीन आयटीवाले आणि गावातल्या बायका. आमच्या लोकांच्या गाठी इतक्या करकचून की बेण्याचे तुकडेच पडायचे. रोस त्या सुरीने कापून परत बांधायची. एकदाही कोणाला म्हणाली नाही की असू दे, चालेल. मला बरं वाटलं. उन्हं कलली तसं भरतीचं पाणी चढायला लागलं आणि त्या तिघी छातीभर पाण्यात जाऊन, जेवढ्या तयार होत्या तेवढ्या दोऱ्या खुंटांना बांधून आल्या. तीनच दोऱ्या झाल्या होत्या. पोती बहुतेक भरलेलीच होती.

सकाळी पोत्यांना वास सुटला होता. वरचं बेणं पांढरं पडलं होतं, आतलं लिबलिबीत. रोसने ती पोती स्वतःच ओढत नेऊन पाण्यात उलटी केली. कोणाला हात लावू दिला नाही.

दुसऱ्या दिवशी होडी आली आणि आम्ही निघालो, तेव्हा ती धक्क्यावर आली नाही. निनादने सगळ्यांना एकत्र उभं करून फोटो काढला. मी फोटोत नाही.

परत

वुडलँड्सला राहणाऱ्या एका मैत्रिणीने परवा विचारलं, इतकं मनाला कशाला लावून घेतेस, चूक झाली, हेतू चांगला होता. हेतू चांगला होता म्हणूनच तर मला चीड येते. वाईट हेतूने कोणी आलं असतं तर हमीदांनी काठी उचलली असती, रोसने बोटीवर दगड मारले असते. चांगल्या हेतूच्या माणसाला अडवायचं कसं, हे त्या गावाला माहीत नाही.

काही आठवड्यांनी रोसचा आवाजी निरोप आला. मागे यंत्रांची घरघर. पाण्याच्या पातळ बाटल्या लाटांनी चेपल्या, कपड्यांची दोरी एका जागी तुटली, तिन्ही ओळी तळाला गेल्या. ती आता बाटमला लाँड्रीत आहे, हॉटेलच्या चादरींच्या घड्या करते. मुलगा आईकडे. रात्री फोनवर बोलतो, पण लवकर कंटाळतो. पुढे ती म्हणाली, ‘खुंट मात्र शाबूत आहेत, कक. ते ठोकायला पुरुष लागतात, आणि पुरुष गावात आता नाहीत. पण खुंट आहेत तोवर मला कोणी लागत नाही. ईद झाली की बेणं घेऊन परत जाते.’ मी तो निरोप दोनतीनदा ऐकला. श्रीकांतला मलय कळत नाही, त्याला अर्थ सांगितला. तो टीव्ही बंद करून बसला.

आणि मागच्या आठवड्यात निनादचा फोन आला. पाक हमीदांनी किनाऱ्याचा ताजा फोटो पाठवला होता, तो त्याने आधी मला धाडला. पांढरी, सपाट, रिकामी वाळू. तिच्यावर एक झाड.

‘बघितलंत ताई? इतके महिने झाले, एक बाटली नाही. लोकांमध्ये अवेअरनेस आला.’

‘बाटल्या नाहीत कारण शेती नाही. शेती नाही कारण रोस लाँड्रीत आहे.’

‘हो, हमीद म्हणाला मला. तिच्या दृष्टीने चांगलंच आहे ना, पक्की नोकरी.’ मग जरा अडखळून, ‘प्रॉब्लेम एवढाच की या वर्षी पण मंडळी उत्सुक आहेत, आणि तिथे उचलायला काही राहिलेलंच नाही. कार्यक्रम काय ठेवायचा तेच सुचत नाही.’

माझ्या जिभेला हाड नाही हे आईने मला लहानपणीच सांगितलं होतं. मी म्हटलं, ‘पाण्यात तिचे खुंट राहिलेत अजून. ते उपटून टाका, म्हणजे तुमचा समुद्र पुरता स्वच्छ होईल.’

मला वाटलं, लागलं त्याला.

‘अरे हो,’ निनाद म्हणाला. ‘हमीद पण म्हणत होता, पोहताना पायाला काहीतरी लागतं. थांबा हं, लिहून घेतो. ओहोटीला दिसतील ना ते?’

मी चिडून बोलले रे, ते तिचे आहेत, ती ईदनंतर परत येणार आहे, असं मी तीन-तीनदा सांगितलं. तो म्हणाला, नाही ताई, सूचना चांगली आहे, मी हमीदशी बोलून बघतो, गावाचाच निर्णय असू दे. गावाचा निर्णय म्हणजे हमीदांचा निर्णय. इतके महिने मी सगळ्यांना नावं ठेवत हिंडले, आणि रोसकडे उरलेली एकच वस्तू निनादच्या कामांच्या यादीत मी घातली.

रोसला हे कसं सांगायचं ते मला कळत नाही, म्हणून अजून सांगितलेलं नाही. सहलीला मात्र मी माझं नाव दिलं आहे. गुडघे दुखले तर दुखोत. पाणी उतरलं की मी त्या खुंटांपाशी जाऊन उभी राहणार आहे, आणि जो हात लावेल त्याला मी काय म्हणेन ते इथे लिहिण्यासारखं नाही.